मेडिकेअरला जोड देणारा मेडिगॅप विमा कसा निवडावा

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्या लोकांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा, सुरू झाला की वैद्यकीय खर्चाची चिंता मिटली, असा समज अमेरिकेतल्या अनेक मराठी कुटुंबांत आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मूळ मेडिकेअरचे दोन भाग आहेत. पार्ट ए रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च पाहतो, तर पार्ट बी डॉक्टरांची फी, तपासण्या आणि भरती न होता घेतलेले उपचार यांचा खर्च उचलतो. पार्ट एची वजावट, म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम, २०२५ साली १,६७६ डॉलर होती. ही रक्कम वर्षातून एकदा भरून भागत नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर सलग साठ दिवस उलटले आणि मग पुन्हा भरती व्हावे लागले, तर ती नव्याने भरावी लागते. पार्ट बीची वजावट त्याच वर्षी २५७ डॉलर होती आणि ती भरून झाल्यावरही मंजूर खर्चाचा वीस टक्के वाटा साधारणपणे रुग्णाकडेच राहतो.

या वीस टक्क्यांना वरची कोणतीही मर्यादा नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. समजा, कर्करोगाच्या उपचारांसाठी रुग्णालयात भरती न होता वर्षभर केमोथेरपी घेतली आणि मेडिकेअरने मंजूर केलेला खर्च एक लाख डॉलर झाला, तर सुमारे वीस हजार डॉलर आपल्याला भरावे लागतील, आणि उपचार पुढच्या वर्षीही चालू राहिले तर हिशेब पुन्हा सुरू होईल. ही पोकळी भरून काढण्यासाठी खासगी कंपन्या जो पूरक विमा विकतात, त्याला मेडिगॅप म्हणतात. तो निवडताना बहुतेक लोक जी, एन अशा कोणत्या अक्षराचा प्लॅन घ्यावा यावर सर्वाधिक वेळ घालवतात. माझ्या मते अक्षराचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. अर्जाची वेळ आणि कंपनीची दर ठरवण्याची पद्धत या दोन गोष्टींना अधिक जपावे लागते, कारण तिथे झालेली चूक पुढे दुरुस्त करता येईलच असे नाही.

पहिली पायरी : आपली पात्रता तपासा

मेडिगॅप विकत घेण्यासाठी पार्ट ए आणि पार्ट बी हे दोन्ही भाग आपल्याकडे असावे लागतात. ज्यांनी स्वतः, किंवा ज्यांच्या जोडीदाराने, अमेरिकेत सुमारे दहा वर्षे, म्हणजे चाळीस तिमाही, मेडिकेअरचा कर भरून काम केले आहे, त्यांना पार्ट ए विनाहप्ता मिळतो. पार्ट बीचा हप्ता मात्र सर्वांनाच असतो. २०२५ साली तो महिना १८५ डॉलर होता, आणि दोन वर्षांपूर्वीच्या विवरणपत्रात एकट्या व्यक्तीचे उत्पन्न १,०६,००० डॉलरपेक्षा किंवा जोडप्याचे २,१२,००० डॉलरपेक्षा अधिक दिसत असेल, तर तो आणखी वाढत होता.

मुलाने किंवा मुलीने ग्रीन कार्डवर आणलेल्या आईवडिलांची गोष्ट वेगळी आहे. भारतात केलेल्या नोकरीची वर्षे येथे धरली जात नाहीत आणि मुलाने भरलेल्या करावर आईवडिलांना विनाहप्ता पार्ट ए मिळत नाही. वय पासष्टच्या पुढे असेल आणि ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य झाले असेल, तर त्यांना दोन्ही भाग हप्ता भरून घेता येतात. ज्यांच्या खात्यावर तीस तिमाहींपेक्षा कमी काम आहे त्यांच्यासाठी पार्ट एचा हप्ता २०२५ साली महिना ५१८ डॉलर होता. हा आकडा पाहून काही कुटुंबे आईवडिलांसाठी नुसता पार्ट बी घेतात. तसे करता येते, पण मग त्यांना मेडिगॅप घेता येत नाही आणि भरतीचा सगळा खर्च उघडा राहतो. म्हणून कुटुंबाने दोन्ही भागांचे हप्ते, मेडिगॅपचा हप्ता आणि औषधांच्या विम्याचा हप्ता यांची एकत्र बेरीज करूनच निर्णय घ्यावा. उत्पन्न फारच कमी असेल, तर आधी राज्याच्या मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची, आणि मेडिकेअरचे हप्ते भरण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची चौकशी करावी. पूर्ण मेडिकेड मिळणाऱ्या व्यक्तीला मेडिगॅपची सहसा गरज नसते.

दुसरी पायरी : सहा महिन्यांची मुदत ओळखा आणि ती जपा

वय पासष्ट किंवा त्याहून अधिक असताना ज्या महिन्यापासून आपला पार्ट बी सुरू होतो, त्या महिन्यापासून पुढचे सहा महिने ही मेडिगॅपची खुली मुदत असते. या काळात आपल्या राज्यात मेडिगॅप विकणारी कोणतीही कंपनी तिचा कोणताही प्लॅन आपल्याला नाकारू शकत नाही आणि आजारपणामुळे अधिक हप्ताही लावू शकत नाही. मधुमेह, हृदयविकार, पूर्वी झालेली बायपास यांपैकी काहीही आड येत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी फार तर सहा महिने थांबायला लावू शकते, आणि त्याआधी आपल्याकडे ग्राह्य ठरणारा आरोग्य विमा मोठा खंड न पडता चालू असेल तर तो काळ कमी होतो किंवा पूर्णपणे टळतो.

ही मुदत संघीय कायद्यानुसार एकदाच मिळते. ती उलटल्यावर बहुतेक राज्यांत कंपनी आरोग्याची प्रश्नावली पुढे करते, औषधांची यादी मागते आणि त्यावरून अर्ज नाकारू शकते. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक असल्यामुळे आपल्या लोकांना या मुदतीचे मोल विशेष आहे. आज प्रकृती उत्तम आहे, गरज पडेल तेव्हा घेऊ, हा विचार इथे चालत नाही.

नोकरी चालू असलेल्यांनी एक बाब नीट समजून घ्यावी. आपली किंवा जोडीदाराची नोकरी चालू असून तिथला आरोग्य विमा मिळत असेल आणि त्या संस्थेत वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील, तर पार्ट बी पुढे ढकलता येतो आणि त्याचा दंड बसत नाही. अशा वेळी पासष्टी गाठली एवढ्याच कारणाने पार्ट बी घेतला, तर मेडिगॅपची सहा महिन्यांची मुदतही तेव्हाच सुरू होऊन संपते, आणि दोनतीन वर्षांनी निवृत्त होताना तिचा उपयोग राहत नाही. संघीय नियमांप्रमाणे, मेडिकेअरला पूरक असलेला नोकरीतला विमा संपल्यावर ६३ दिवसांत काही ठरावीक प्लॅन विनाअट घेता येतात, परंतु त्या यादीत प्लॅन एन नाही. याउलट, नोकरी सुटल्यावर कोब्रा नावाच्या तरतुदीखाली जुना विमा चालू ठेवणाऱ्यांनी, आपल्याकडे नोकरीचाच विमा आहे असे समजून पार्ट बी लांबवू नये. नोकरी किंवा तिथला विमा यांपैकी जे आधी संपेल तिथून आठ महिन्यांत पार्ट बी घ्यावा लागतो आणि कोब्रामुळे ही मुदत वाढत नाही. उशीर झाला तर दर पूर्ण बारा महिन्यांमागे दहा टक्के वाढीव हप्ता पुढे कायम भरावा लागतो.

काही राज्यांनी संघीय नियमांपेक्षा अधिक संरक्षण दिले आहे. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट येथे वर्षभरात केव्हाही, आरोग्याची चौकशी न होता, मेडिगॅप घेता येतो. कॅलिफोर्नियात आधीपासून मेडिगॅप असलेल्यांना दरवर्षी वाढदिवसापासून ६० दिवस, तेवढ्याच किंवा कमी लाभांच्या दुसऱ्या प्लॅनवर जाता येते. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत तर प्लॅनची रचनाच निराळी आहे, त्यामुळे पुढे अक्षरांविषयी जे लिहिले आहे ते तिथे लागू होत नाही.

तिसरी पायरी : मेडिगॅप की मेडिकेअर अॅडव्हान्टेज, हे आधी ठरवा

दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. अॅडव्हान्टेज हा खासगी कंपनीचा प्लॅन मूळ मेडिकेअरच्या जागी येतो, त्याचा हप्ता अनेकदा शून्य असतो, त्यात दात, डोळे किंवा औषधे यांचे लाभ जोडलेले असतात आणि वर्षाच्या खर्चाला मर्यादा असते. प्लॅनच्या जाळ्यातील डॉक्टरांकडे घेतलेल्या उपचारांसाठी ती २०२५ साली जास्तीत जास्त ९,३५० डॉलर होती. त्याच्या बदल्यात डॉक्टरांचे जाळे मर्यादित असते आणि अनेक उपचारांना आधी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप घेतलेल्या माणसाला मात्र देशभरात मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते. अपवाद मेडिकेअर सिलेक्ट या प्रकाराचा, त्यात ठरावीक रुग्णालये वापरावी लागतात.

जे आईवडील काही महिने न्यू जर्सीत मुलाकडे आणि काही महिने कॅलिफोर्नियात मुलीकडे राहतात, त्यांना हा फरक रोजच्या जगण्यात जाणवतो. अॅडव्हान्टेजच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास सामान्यतः प्लॅनमधून नाव कमी होते. हप्ता परवडत असेल आणि अशी ये-जा असेल, तर मी मेडिगॅपच सुचवेन. ज्यांचा हात अगदीच आखडता आहे आणि ज्यांचे डॉक्टर गावातल्याच चांगल्या जाळ्यात आहेत, त्यांच्यासाठी अॅडव्हान्टेज गैर नाही. पासष्टाव्या वर्षी प्रथमच पात्र होताना अॅडव्हान्टेज घेतला आणि बारा महिन्यांच्या आत तो सोडला, तर मेडिगॅप विनाअट मिळतो. त्यानंतर परतीची वाट बहुतेक राज्यांत प्रश्नावलीतूनच जाते.

चौथी पायरी : अक्षर निवडा

मेडिगॅपचे प्लॅन ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम आणि एन अशा अक्षरांनी ओळखले जातात. १९९० च्या कायद्यानंतर त्यांची रचना देशभर ठरवून दिलेली असल्यामुळे एका कंपनीचा प्लॅन जी आणि दुसऱ्या कंपनीचा प्लॅन जी यांचे मूळ लाभ एकच असतात. इथे एक गल्लत नेहमी होते : मेडिकेअरचा पार्ट बी आणि मेडिगॅपचा प्लॅन बी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सी आणि एफ हे प्लॅन पार्ट बीची वजावटसुद्धा भरून काढत असत, पण १ जानेवारी २०२० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांना ते विकता येत नाहीत. त्यामुळे नव्या ग्राहकांपुढे बहुधा जी आणि एन यांचीच तुलना येते.

प्लॅन जीमध्ये मेडिकेअर ज्या उपचारांना मंजुरी देते, त्यांतला आपला जवळजवळ सगळा वाटा कंपनी भरते. पार्ट बीची वार्षिक वजावट तेवढी आपण भरायची. प्लॅन एनमध्येही ती वजावट आपलीच असते आणि शिवाय डॉक्टरांच्या काही भेटींना वीस डॉलरपर्यंत, तर तातडीच्या विभागात जाऊन भरती न झाल्यास पन्नास डॉलरपर्यंत द्यावे लागतात. त्याखेरीज मेडिकेअरचा मंजूर दर पूर्ण मोबदला म्हणून न स्वीकारणारे डॉक्टर कायद्याने जास्तीत जास्त पंधरा टक्के अधिक आकारू शकतात. हा अधिक आकार जी भरतो, एन भरत नाही. असे डॉक्टर थोडे आहेत आणि पेनसिल्व्हेनिया व ओहायोसारख्या काही राज्यांत असा आकार घेण्याला मनाई आहे. तरीही आपल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या आणि अन्य नेहमीच्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन करून, आपण मेडिकेअर असाइनमेंट, म्हणजे मेडिकेअरचा मंजूर दर पूर्ण मोबदला म्हणून, स्वीकारता का, एवढा एकच प्रश्न विचारून ठेवावा.

दोन्हींची तुलना कागदावर मांडली की उत्तर सहज मिळते. समजा, जीचा हप्ता एनपेक्षा महिन्याला तीस डॉलरने अधिक आहे, तर वर्षाचा फरक ३६० डॉलर झाला, म्हणजे वीस डॉलरच्या अठरा भेटी. वर्षातून पाचसहा वेळाच डॉक्टरकडे जाणाऱ्याला एन स्वस्त पडेल. ज्याला दर महिन्याला दोन तज्ज्ञांकडे जावे लागते त्याने जी घ्यावा. प्रकृती चांगली असून हाताशी शिल्लक असेल, तर मोठ्या वजावटीचा प्लॅन जी हाही एक विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. त्याचा हप्ता बराच कमी असतो, पण २०२५ च्या नियमांप्रमाणे २,८७० डॉलरपर्यंतचा आपला वाटा स्वतः सोसल्यावरच कंपनी पैसे देऊ लागते. के आणि एल हे प्लॅन बहुतेक लाभांचा अनुक्रमे निम्मा आणि पाऊण वाटा भरतात आणि वर्षाच्या खर्चाला मर्यादा घालतात. ते घेणारे थोडे असतात.

पाचवी पायरी : कंपनी आणि तिची दर ठरवण्याची पद्धत पाहा

लाभ एकच असताना एकाच गावात एकाच अक्षराचे हप्ते कंपनीगणिक पुष्कळ वेगळे असतात, म्हणून निदान तीनचार कंपन्यांचे दर मागवावेत. मात्र पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर भुलू नये, कारण हा विमा वीस-पंचवीस वर्षे चालवायचा असतो.

दर ठरवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत त्या भागातील सर्वांना वयाचा विचार न करता सारखाच हप्ता असतो. दुसरीत विमा घेतेवेळच्या वयावर हप्ता ठरतो आणि पुढे वय वाढले म्हणून तो वाढत नाही. तिसरीत हप्ता चालू वयाप्रमाणे दरवर्षी किंवा काही वर्षांनी चढत जातो. तिसऱ्या पद्धतीचा विमा पासष्टीत सर्वांत स्वस्त दिसतो आणि ऐंशीच्या घरात, जेव्हा बदलणे जवळजवळ अशक्य झालेले असते, तेव्हा सर्वांत महाग ठरू शकतो. वैद्यकीय महागाईमुळे होणारी वाढ तर तिन्ही पद्धतींत असतेच. म्हणून कंपनीला किंवा एजंटला चार गोष्टी लेखी विचाराव्यात : आपली पद्धत कोणती, गेल्या पाच वर्षांत या राज्यात या प्लॅनचा हप्ता दरवर्षी किती टक्क्यांनी वाढला, आज दिलेली सवलत पुढे कमी होत जाणार आहे का, आणि नवराबायको दोघांनी एकाच कंपनीचा विमा घेतल्यास काही सूट मिळते का. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र पॉलिसी लागते, त्यामुळे ही सूट दोघांच्या हप्त्यांवर मिळाली तर वर्षाकाठी चांगली बचत होते. पद्धत सांगायला टाळाटाळ करणाऱ्या एजंटकडून विमा घेऊ नये.

एजंटला कंपनीकडून कमिशन मिळते, हे ध्यानात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा. निःपक्ष सल्ला हवा असेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्लासेवा आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिला हायकॅप, तर फ्लोरिडात शाइन म्हणतात. या सेवेतील समुपदेशक काहीही विकत नाहीत. इंग्रजीत बोलायला संकोचणाऱ्या आईवडिलांसोबत मुलांनी त्या भेटीला आवर्जून बसावे.

सहावी पायरी : भारतातील मुक्कामाचा विचार करा

मूळ मेडिकेअर भारतातील उपचारांचा खर्च देत नाही. सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनमध्ये परदेशातील तातडीच्या उपचारांचा लाभ आहे, आणि जाहिरातीत तो मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. त्याच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. तातडीचा उपचार प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेला असावा लागतो, वर्षाला २५० डॉलरची वजावट असते, त्यावरील खर्चाचे ऐंशी टक्के मिळतात आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर आहे. नोव्हेंबरात पुण्याला जाऊन मार्चमध्ये परतणाऱ्या माणसाचे निम्म्याहून अधिक दिवस या लाभाच्या बाहेर पडतात, आणि ठरवून केलेली मोतीबिंदूची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यात मुळीच बसत नाही. अशांनी भारतातील मुक्कामासाठी स्वतंत्र प्रवास विमा किंवा भारतीय आरोग्य विमा घ्यावा. तातडीने भरती व्हावे लागलेच, तर रुग्णालयाकडून डिस्चार्ज समरी आणि बाबवार बिल इंग्रजीत मागून घ्यावे. पैसे बहुधा आधी आपणच भरून नंतर कंपनीकडे मागणी करावी लागते.

भारतात असताना मेडिगॅपचा हप्ता चुकू देऊ नये. बँकेतून आपोआप हप्ता जाण्याची सोय आधी करून मगच विमानात बसावे, कारण बंद पडलेली पॉलिसी पुन्हा मिळण्याची हमी बहुतेक राज्यांत नसते. कायमचे भारतात परतण्याचा विचार करणाऱ्यांनी पार्ट बी सोडण्यापूर्वी विशेष विचार करावा. मन बदलून परत आल्यास पार्ट बी सामान्यतः जानेवारी ते मार्च या काळातच पुन्हा मागता येतो, त्यावर उशिराचा दंड बसतो आणि मेडिगॅपची सहा महिन्यांची मुदत दुसऱ्यांदा मिळत नाही. नातवंडांच्या ओढीने परतणारे आजीआजोबा आपल्या समाजात कमी नाहीत. परतण्याची थोडीही शक्यता असेल, तर निदान पहिली दोन वर्षे पार्ट बी आणि मेडिगॅप यांचे दोन्ही हप्ते भरत राहणे मला श्रेयस्कर वाटते.

सातवी पायरी : अर्ज करा आणि कागद तपासा

पार्ट बी सुरू होण्याच्या काही महिने आधीच अर्ज करता येतो, आणि तो करावाच, म्हणजे दोन्ही एकाच तारखेला सुरू होतात. मेडिगॅपमध्ये दुकानातून घ्यायच्या औषधांचा खर्च, दात, चष्मा, श्रवणयंत्र आणि दीर्घकालीन शुश्रूषा येत नाही. औषधांसाठी पार्ट डी त्याच वेळी वेगळा घ्यावा. आज एकही गोळी चालू नसली तरी तो टाळू नये, कारण दुसरा ग्राह्य विमा नसताना उशीर केल्यास दर महिन्यामागे एक टक्का दंड पुढच्या हप्त्यांत जोडला जातो. पार्ट डीत समाविष्ट असलेल्या औषधांवर रुग्णाने करायच्या खर्चाला २०२५ सालापासून मर्यादा घालण्यात आली आणि त्या वर्षी ती २,००० डॉलर होती.

पॉलिसी हातात आल्यावर प्लॅनचे अक्षर, सुरू होण्याची तारीख, दराची पद्धत आणि नावाचे स्पेलिंग मेडिकेअर कार्डाशी जुळवून पाहावे. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून असते आणि कार्डावर नसते, अशा तफावतीमुळे आपल्या लोकांचे दावे अडकू शकतात. पॉलिसी न पटल्यास तीस दिवसांत परत करून भरलेला हप्ता परत मिळवता येतो. जुनी मेडिगॅप पॉलिसी बदलत असाल, तर नव्या कंपनीची लेखी मंजुरी येईपर्यंत जुनी रद्द करू नये, त्या एका महिन्याचे दोन्ही हप्ते भरावे लागले तरी चालतील. त्यानंतर डॉक्टरकडे जाताना दोन्ही कार्डे सोबत न्यावीत. बहुतेक दावे मेडिकेअरकडून मेडिगॅप कंपनीकडे आपोआप जातात, तरी पहिल्या दोनतीन बिलांच्या वेळी मेडिकेअरचे विवरण आणि कंपनीचे विवरण शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील, तर डॉक्टरच्या बिलिंग विभागाकडे मेडिगॅपचा पॉलिसी क्रमांक नोंदलेला आहे का, हे सर्वांत आधी विचारावे.